वार्तिनीची जागा

त्या कोरड्या हंगामात आमच्या डोंगराच्या उतारावर विषाचं दव, पीक जाळणारं हिम, लागोपाठ पडलं. सकाळी उठून बघावं तर बटाट्याच्या वाफ्यांवर मीठ सांडल्यासारखं पांढरं, आणि ऊन वर येईतो सगळा पाला काळा पडून मान टाकलेला. आमच्याकडे बटाटा गेला की प्रत्येक घरातलं काही ना काही जातं. त्रिमो खालच्या शहराला भाजीचा ट्रक नेत असे. भरायला मालच नाही म्हटल्यावर त्याच्या खेपा निम्म्यावर आल्या. तेव्हा त्याची बायको वार्तिनी म्हणाली की, बाजारात नेते तो टेम्पे मी आणखी वाढवते. कुणी तिला वाढव म्हटलं नव्हतं. तिनंच म्हटलं आणि सगळ्यांना बरं वाटलं.

टेम्पे वाढवणं म्हणजे काय ते करणारीलाच ठाऊक. सोयाबीन भिजत घालायचं, उकडायचं, मोठ्या टोपलीत उभं राहून पायांनी तुडवायचं म्हणजे टरफलं सुटतात. मग धुवायचं, परत उकडायचं, निवलं की विरजण लावून केळीच्या पानात मूठ-मूठभर बांधायचं. पुढं उबेत त्याला पांढरी बुरशी धरते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि वडी होते. पण ऊब हवी. त्या थंडीत ऊब कुठून आणायची? वार्तिनी पुड्यांवर पोती घाली, पोत्यांवर स्वतःची रजई घाली आणि आपण कमरेला गुंडाळायचं सारोंग पायांवर ओढून तशीच आडवी होई. तिचे पाय पाण्यात राहून राहून पांढरे पडले होते. टाचांच्या भेगांत सोयाबीनची टरफलं जाऊन बसत. ती सुईनं काढावी लागत.

घरात सासू होती, म्बाह कार्सिह, म्हणजे कार्सिह आजी. न्हाणीपाशी घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून ती पुढच्या खोलीतल्या बाजेवर. तिला उठवायचं, बसवायचं, पुसायचं, पाठीला तेल लावायचं. थोरली लारस पंधराची, वरच्या वर्गात गेलेली. धाकटा गिलांग पहिलीत. सकाळी बाजार, दुपारी गाजरं धुवायच्या शेडवर मजुरी, संध्याकाळी पुन्हा सोयाबीन. गावात कुणाकडे जेवणावळ निघाली की नारळ खोवायला पहिलं बोलावणं वार्तिनीला, कारण ती नाही म्हणत नसे. "हो बाई, येते ना, आत्ता येते," हे तिचं बोलणं गावाला पाठ होतं.

म्हातारी तोंडाची तिखट. "तेल लावतेस की भिंत सारवतेस?" म्हणायची. पूर्वी वार्तिनी हसून म्हणे, भिंत बरी, ती बोलत तरी नाही. मग मग ती हसेना. उत्तरही देईना. म्हातारीनं एकदोनदा मुद्दाम टोचून बघितलं आणि मग तीही गप्प झाली. बाजेवर पडल्यापडल्या सुनेकडे नुसतं बघत राही.

एका दुपारी गिलांग मूठ मिटून आला. खालचा दात पडला होता. आमच्याकडे खालचा दात पडला की आई पोराला उचलून घेते आणि तो दात छपरावर फेकतात. पोरगं ओठाला रक्त लागलेलं, हसत उभं. वार्तिनी टोपलीत तुडवत होती. तिनं बघितलं आणि म्हणाली, "ठेव तिथं." पोरानं दात खिडकीत ठेवला, थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. वार्तिनीचे पाय चालूच होते. कितीतरी वेळानं तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला काहीच वाटलं नाही. ना कौतुक, ना राग, ना कीव. शेजारच्याच्या घरात भांडं पडल्यासारखं झालं. ती थांबली, दाण्यांत उभीच राहिली आणि वाट बघत राहिली, की आता तरी काहीतरी वाटेल. नाही वाटलं.

पुढच्या मोठ्या बाजाराच्या दिवशी ती नेहमीसारखी अंधारात निघाली. पाठीवर टोपली, टोपलीवरून कापडाची गाठ छातीवर. बाजारात भाजीच्या रांगेच्या टोकाला तिचा ओटा. बरोबर समोर रुबियाहचा. रुबियाह टेम्पे आणि टोफू दोन्ही विकायची. दोघींचं वाकडं जुनं. वार्तिनीचं गिऱ्हाईक जरा जास्त आणि रुबियाहचा आवाज जरा जास्त, असं ते चालायचं. "आज काय झोपेत बांधलंस का गं?" हे रुबियाहचं रोजचं नमन.

त्या दिवशी अर्ध्या पुड्या धरल्याच नव्हत्या. खानावळवाल्या बाईनं एक सोडली तर दाणे सुटे सुटे ओट्यावर सांडले. तिनं ते गोळा करून शेजारणींना दाखवले. हा टेम्पे आहे की उकडलेलं कडधान्य, म्हणाली. बायका हसल्या. थंडीनं असं होतं, बदलून देते, एवढंच म्हणायचं होतं. वार्तिनीला ते ठाऊक होतं. वाक्य तोंडात तयार होतं. तोंड उघडेना. तिनं हातांकडे बघितलं. ते मांडीवर पालथे पडले होते, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. उचल म्हटलं तर उचलेनात. गिऱ्हाइकं आली, विचारून गेली. ऊन आलं. माश्या बसल्या. सकाळपासून ती लघवीला गेली नव्हती आणि आता आपल्या सारोंगाखाली ऊन ऊन ओल पसरतेय, हे तिला दुसऱ्या कुणाचं तरी घडावं तसं कळलं.

एवढ्यात समोरून रुबियाह उठली. टोफूची पाण्यानं भरलेली बादली घेऊन ती रांग ओलांडत होती, आणि वार्तिनीच्या ओट्यापाशी तिनं ती सबंध बादली उपडी केली. पाणी वार्तिनीच्या मांडीवरून, ओट्यावरून, खाली मातीत. टोफूचे चौकोन घरंगळले. "रस्त्यात टोपल्या मांडून बसलीय मेली," रुबियाह साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "माझा माल गेला!" लोक जमले. दोघींचं आता जुंपणार म्हणून बघत राहिले. वार्तिनी चिंब बसून होती. तिला तेव्हा एवढंच वाटलं, की पाणी गार आहे.

कुणीतरी घरी जाऊन लारसला घेऊन आलं. लारस त्या वेळी शाळेत असायला हवी होती. ती घरी सोयाबीन उकडत होती. आई अंधारात निघून जाई, तिला पत्ताच नव्हता की पोरगी किती दिवस शाळेला गेलेली नाही. लारसनं आईला बाजूला सरकवलं, ओला ओटा पुसला, बऱ्या पुड्या वर काढल्या आणि विकायला बसली. खानावळवाली परत आली. तिला लारस म्हणाली, "हो बाई, देते ना, आत्ता देते."

तोच सूर होता. शब्दाच्या शेवटी तेच वर जाणं, तेच हसू. वार्तिनीनं मान वळवून पोरीकडे पाहिलं. लारसच्या टाचा ओट्याखालून दिसत होत्या. पांढऱ्या पडलेल्या, भेगाळलेल्या.

तेवढं मात्र तिला लागलं.

आरोग्य केंद्रातल्या नर्सनं रक्तदाब बघितला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्या म्हणाली. त्रिमो तिला घरी घेऊन आला. तो भला माणूस. पण दिवसा झोपणारा आणि रात्री रस्त्यावर असणारा, त्यामुळे घर त्यानं मिटल्या डोळ्यांनीच पाहिलेलं. बायको आजारी म्हणजे ताप हवा, खोकला हवा. इथं काहीच दिसेना. शेजारणी येऊन बसल्या. एक म्हणाली, पिंपरणीखालून सांजेची आली असेल, काहीतरी चिकटलंय. पल्याडच्या गावातल्या बाबांना आणा. त्रिमोलाही ते पटलं. निदान करण्यासारखं काहीतरी होतं.

तेव्हा बाजेवरून म्हातारी म्हणाली, "बाबा-बिबा कुणी आणायचा नाही. सगळ्या घरी जा. त्रिमो, तू बस."

शेजारणी गेल्या. वार्तिनी भिंतीला टेकून बसली होती. म्हातारीनं छपराकडे बघत सांगायला सुरुवात केली. त्रिमो रांगत होता तेव्हाची गोष्ट. तंबाखूचा हंगाम होता. ती दिवसभर पानं कापायची, घरी सासरा अंथरुणात, थोरलं एक पोर पायांत. एके दिवशी ती नदीवर धुणं घेऊन गेली, त्रिमोला काठावर वाळूत बसवलं, आणि चालू लागली. कपडे पाण्यात सोडून. नदीच्या कडेकडेनं दुसऱ्या गावापर्यंत चालत गेली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पोराला मासे धरणाऱ्या कुणीतरी उचलून घरी नेलं म्हणून वाचला.

"मला धरून आणली," म्हातारी म्हणाली. "हळद फासली, धूर दिला, कोंबडं उतरवलं. नदीतली बाई शिरली होती अंगात, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही तेच सांगत आले आजवर. लाज राहते ना त्यानं." तिनं मान त्रिमोकडे वळवली. "कुणी शिरलं नव्हतं रे. मी दमले होते."

त्रिमो आईकडे बघत राहिला. काठावरचं ते पोर आपण होतो, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं.

"ही आज सकाळी ओट्यावर बसल्याबसल्या निघून गेलीय," म्हातारी म्हणाली. "आता पायांनी जाऊ दे. तिच्या बहिणीकडे पोचव तिला."

बाजारातून आल्यापासून वार्तिनीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुम्हाला कोण उठवणार?"

"ज्याला मी काठावर सोडला होता तो," म्हातारी म्हणाली. "ट्रक धुतो ना रोज? आईला धुवेल."

थोरली बहीण पार्मी खाली सपाटीवर राहायची, उबदार हवेत, भाताच्या खाचरांमध्ये. विधवा, एकटी, बदकं पाळायची. सकाळी बदकं कापणी झालेल्या खाचरात हाकायची, संध्याकाळी परत आणायची, एवढंच तिचं काम. वार्तिनी तिला यू म्हणे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात.

पहिल्यांदा वार्तिनीनं अंगण झाडायला घेतलं. पार्मीनं झाडू काढून घेतला. मग तिनं भांडी घेतली. पार्मीनं भांडी काढून घेतली. "यू, मी नुसती बसून काय करू?" तिनं विचारलं. बहीण म्हणाली, "बसता येत नसेल तर आडवी हो." ती आडवी झाली आणि झोपली. झोपेतसुद्धा तिचे पाय हलत, एक वर एक खाली, तुडवल्यासारखे. पार्मी तिच्या पायांवर उशी ठेवून बदकं घेऊन जाई. परत येई तो वार्तिनी तशीच. कधी जागी, पण उठलेली नाही. केस विंचरायचेसुद्धा राहून जात. पार्मीनं एकदा बसवून तेल घातलं, तर केसांचा पुंजका हातात आला. पार्मीनं तो मुठीत लपवला.

सगळ्यात वाईट होती ती लाज. घरी पोरं, आजारी सासू आणि आपण धडधाकट बाई बहिणीच्या सावलीत लोळतोय. एकदा बदकांच्या मागे दोघी बांधावर बसल्या असताना तिनं बहिणीला दाताची गोष्ट सांगितली. म्हणाली, "यू, मला माझ्या पोराचं काहीच वाटलं नाही. आई असं असते का?"

पार्मीनं लगेच समजूत घातली नाही. ती विचार करणारी बाई. तिनं उलट विचारलं, की तुला भूक लागते का? वार्तिनी म्हणाली, नाही, पुढ्यात आलं की खाते. मिरचीचा तिखटपणा लागतो का? नाही. काल बदकाचं पिलू कुत्र्यानं नेलं, त्याचं वाईट वाटलं? नाही.

"मग पोराचंच कशाला धरून बसलीस," पार्मी म्हणाली. "सगळ्याचंच बंद झालंय. दुकानाची फळी लावली की तांदूळही आत, मीठही आत. उघडेल तेव्हा सगळंच एकदम दिसेल."

त्या रात्री तिच्या पायांवर उशी ठेवावी लागली नाही.

उघडलं ते असं. एके सकाळी त्रिमोचा फोन आला. फोन नेहमी यायचा. मीठ कुठाय, आईचं तेल कुठल्या बाटलीत, गिलांगचा शाळेचा सदरा कुठला. ती सांगायची आणि ठेवायची. त्या दिवशी त्यानं विचारलं, की मोठ्या हंड्याचं झाकण कुठं असतं?

"हंड्यावर!" वार्तिनी म्हणाली. "लारसचे बाबा, झाकण हंड्यावर असतं. इतकी वर्षं त्या घरात राहताय. मी काय चोरून आणलंय इथं?" आणि मग ती थांबेचना. रजईचं बोलली, टाचांचं बोलली, सकाळी आल्या आल्या जेवण पुढ्यात लागतं ते कोण आणि कधी करतं ते बोलली. तिचा आवाज बांधापर्यंत गेला. बदकं गलका करत पांगली. पलीकडून त्रिमो हूं हूं करत राहिला. शेवटी म्हणाला, "मला वाटायचं, तू थकतच नाहीस."

वार्तिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं."

फोन ठेवून ती वळली तर पार्मी दारात उभी राहून हसत होती. "आला बाई राग," ती म्हणाली. "आता भूकही येईल." खरंच दुपारी वार्तिनीनं कैरी मागितली. पार्मीनं मिरची-मीठ ठेचून दिलं. पहिल्याच फोडीला वार्तिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं होतं. मग ते तिखटाचं राहिलं नाही. ती फोडी खात होती आणि रडत होती. रडताना तिला गिलांगच्या डोक्याचा वास आठवला, उन्हात खेळून आल्यावरचा, आंबूस. तो तिला त्या क्षणी हवा होता. पोटात भूक उठावी तसा हवा होता. पार्मीनं आणखी एक कैरी सोलायला घेतली.

त्यानंतरही ती लगेच परतली नाही. परतायची घाई झाली हे खरं, पण पार्मी म्हणाली की घाई हेच तुझं जुनं दुखणं, आणि वार्तिनीनं ते ऐकलं. सकाळी ती बदकांमागं चालायला लागली. बदकं सावकाश चालतात. त्यांच्या पुढं जाता येत नाही.

त्रिमो तिला न्यायला आला तेव्हा त्याच्या हातांवर चटके होते आणि पायांच्या बोटांमध्ये कातडी सोललेली. रस्त्यात त्यानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा आईचं सारोंग बदलायचं म्हणजे दोघांनाही मेल्याहून मेलं झालं. आईनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्यानंही मिटले, आणि ओल्या कापडानं चुकून बाजेचा पाय पुसत बसला. तेव्हा म्हातारी हसली. हाड मोडल्यापासून पहिल्यांदा हसली. मग सोपं गेलं. आता ती काठी धरून न्हाणीपर्यंत जाते. वाटेत मात्र शिव्या ऐकाव्या लागतात.

"आणि टेम्पे?" वार्तिनीनं विचारलं. ते विचारायचं ती टाळत होती. बाजारातली जागा अशी असते, की चार दिवस कुणी बसलं नाही तर पाचव्या दिवशी तिथं दुसऱ्याची टोपली असते. आणि एकदा गिऱ्हाइकाचे पाय दुसरीकडे वळले, की ते परत फिरत नाहीत. तिनं मनाशी धरलं होतं, की गेलं ते गेलं. नव्यानं कुठंतरी कोपऱ्यात बसू.

त्रिमो म्हणाला, "ते तू बाजारातच बघ."

घरी गिलांग आधी दाराआड लपला, मग येऊन तिच्या पोटाशी डोकं घालून उभा राहिला. वार्तिनी वाकली आणि तिनं त्याच्या केसांत नाक खुपसलं. तशीच राहिली. म्हातारी बाजेवरून म्हणाली, "आली का. ये, तेल लाव. तुझा नवरा लावतो म्हणजे गाडीला ग्रीस." वार्तिनी म्हणाली, आज त्यांनाच लावू द्या, मी आताच आलेय. म्हातारीनं तिला नीट न्याहाळलं आणि मान हलवली.

दुसऱ्या सकाळी ती टोपली न घेता, नुसती बघायला म्हणून बाजारात गेली. ऊन आलं होतं. तिच्या ओट्यावर पुड्या मांडलेल्या होत्या. तिच्याच पद्धतीच्या, केळीचं पान दुहेरी दुमडून भाताच्या काडीनं बांधलेलं. गावात तशी बांधणारी ती एकटी. बाकी सगळ्या बांबूची चोय वापरतात. पुड्यांमागं रुबियाह बसली होती. तिचा स्वतःचा टोफू समोर होता आणि ती इकडून तिकडे उठबस करत दोन्हीकडे विकत होती. एका म्हातारीला ती सांगत होती, की घे, हा वार्तिनीचाच आहे. बहिणीकडे गेलीय, येईल.

वार्तिनी खांबाआड उभी राहिली. नंतर तिला कळलं ते असं. तिला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी लारस टोपली घेऊन ओट्यावर आली, तर रुबियाहनं तिला हाकललं. शाळेत जा, म्हणाली. इथं बसून तुझी आई कुठं पोचली ते पाहिलंस ना? पोरगी रडत गेली, पण गेली. मग रुबियाह स्वतः त्रिमोच्या दारात गेली. म्हणाली, तू सोयाबीन उकडून तुडवून माझ्याकडे टाक, विरजण आणि बांधणं मी करीन. त्रिमोचे पाय सोलले ते त्यात. काडीनं बांधायचं रुबियाहला जमेना, तेव्हा तिनं लारसला बसवून शिकून घेतलं. अख्खी हयात चोयीनं पुड्या बांधत आलेल्या बाईनं.

रुबियाहनं खांबाआडच्या वार्तिनीला पाहिलं. "लपून काय बघतेस?" ती म्हणाली. "ये, तुझी जागा घे. माझी कंबर गेली."

वार्तिनी येऊन ओट्याच्या कडेला टेकली. तिला खूप बोलायचं होतं. तिनं पुडी हातात घेतली. गाठ जराशी वाकडी होती. ती गाठ बघता बघता तिला बादली आठवली, तिच्या आधीची सारोंगाखालची ऊन ओल आठवली, आणि ती बादली का उपडी झाली होती ते एकदम उमगलं. टोफूचा सबंध दिवसाचा माल. तिनं मान वर केली. रुबियाह दुसरीकडे बघायला लागली.

"बू," बाजारातल्या बायका एकमेकींना म्हणतात तसं वार्तिनी म्हणाली, "त्या दिवशी..."

"त्या दिवशी तू रस्त्यात टोपली मांडली होतीस," रुबियाह घाईनं म्हणाली. "ते मी अजून विसरले नाही."

वार्तिनीनं पुडी परत ओळीत ठेवली. मग तिनं विचारलं, की हे सगळं का केलंस? रुबियाह म्हणाली, समोर दुसरी कुणी बसली असती तर तिच्याशी नव्यानं भांडण लावायला पाच-सहा वर्षं गेली असती, कोण करतंय. दोघी हसल्या. मग रुबियाहनं टोफूच्या पाण्यात हात घातला, चौकोन उगीच इकडचे तिकडे केले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "माझं मधलं पोर गेलं तेव्हा मी तिसऱ्या दिवशी इथं येऊन बसले होते. जागा जाईल म्हणून. दूध येत होतं अजून. माझ्या जागी कुणी बसलं असतं, तर..."

वार्तिनीनं तिच्या ओल्या हातावर हात ठेवला. बाजारात बायका असं करत नाहीत. रुबियाहनं हात काढला नाही.

नंतर रुबियाहची कंबर चोळता चोळता वार्तिनीनंच गोष्ट काढली. आमचा बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. पोनला मोठा बाजार, तो कुणालाच चुकवता यायचा नाही. पण लेगीला मी घरी राहीन, वार्तिनी म्हणाली, आणि तू माझ्या पुड्या विक. क्लिवोनला तू घरी राहा, तुझं मी बघते. रुबियाहनं डोळे बारीक केले. घरी राहून काय करू, तिनं विचारलं. वार्तिनी म्हणाली, काही नाही. काही नाही म्हणजे? रुबियाहनं परत विचारलं. तिला ते खरंच कळत नव्हतं. वार्तिनीनं सांगितलं, पहिल्यांदा अवघड जातं. झाडू हातात आला तर टाकून द्यायचा.

शेडवरची मजुरी वार्तिनीनं सोडली. सोयाबीन तुडवायला त्रिमो उभा राहतो, खेपेवरून आला की झोपायच्या आधी. लारस शाळेत आहे. घरात पहिल्यापेक्षा थोडं कमी येतं आणि रजई अंगावर असते. सगळं काही सुतासारखं सरळ झालं असं नाही. कधीकधी ती विसरते, कुणालातरी हो बाई म्हणून बसते, आणि मग म्हातारी बाजेवरून काठी आपटते.

क्लिवोनचा पहिला दिवस आला. वार्तिनी दोन्ही ओट्यांवर माल मांडून बसली. टोफूच्या पाण्यात हात घालायची सवय नव्हती, चौकोन फुटत होते. रुबियाहची गिऱ्हाइकं येत आणि दचकून विचारत. इतक्या वर्षांत रुबियाहची जागा तिच्याविना कुणी पाहिली नव्हती. एकीला वाटलं पडली-बिडली असेल. दुसरीनं तर हळूच विचारलं, की दवाखान्यात नेलीय का?

"नाही," वार्तिनी म्हणाली. "घरी झोपलीय."

खानावळवाली बाई पाठीवर गच्च भरलेली टोपली घेऊन उभी होती. छातीवर गाठ मारलेल्या कापडानं तिच्या खांद्याला लाल वळ उठला होता. "झोपलीय?" ती म्हणाली. "दिवसाउजेडी? बरं नाही का तिला?"

"चांगली ठणठणीत आहे. आज तिचा झोपायचा दिवस आहे."

बाई हसली नाही. पैसे देऊन झाले, पुड्या टोपलीत पडल्या, तरी ती हलली नाही. मागं रांग लागली होती. तिनं एकदा मागं पाहिलं, मग गाठ सोडून पाठीवरची टोपली खाली उतरवली आणि ओट्याच्या कडेला टेकली.

"तुम्ही हे ठरवलंत कसं?" तिनं विचारलं. "जरा नीट सांग मला."

वार्तिनीनं सरकून तिला जागा करून दिली.